तिसऱ्या अडथळ्यावरची सावली

तांबडी दोनदा अडली आणि आम्ही बाद झालो. मामा पहिल्यांदाच हॉर्स शो बघायला आले, तो नेमका हाच दिवस.

शो छोटाच होता. पाऊस थांबून जमीन वाळली की पुण्याच्या आसपासचे रायडिंग क्लब आपापल्या मैदानांवर असे शो भरवतात. सकाळी शाळकरी पोरं ६० सेंटिमीटरच्या दांड्यांवरून जातात. मग नोकरी सांभाळून घोडा सांभाळणारे आमच्यासारखे लोक ८० सेंटिमीटरच्या वर्गात उतरतात, आणि ऊन चढल्यावर मीटरभराच्या पुढचे तयारीचे स्वार. नऊ-दहा अडथळे, ठरलेला क्रम, ठरलेली वेळ. दांडा पडला की चार दोष. घोडा अडला की चार दोष. दुसऱ्यांदा अडला की घंटा वाजते आणि घोड्याच्या मानेवर थोपटत बाहेर यायचं. पहिले दोन अडथळे तांबडीने असे घेतले की मला वाटलं, आज जमलं. तिसऱ्यापुढे तिने चारी पाय रोवले. फिरवून पुन्हा आणली, पुन्हा रोवले.

मामा मांडवाच्या खांबाला टेकून सगळं बघत होते.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मुळशीतल्या कोळवण खोऱ्यात भाताची शेती, आणि तीसेक वर्षं बैलगाड्याच्या घाटात घोडी पळवण्याचं वेड. मावळ, मुळशी, खेड या बाजूची ही शर्यत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. घाट म्हणजे चढाची धाव. चार बैल जुंपलेला हलका गाडा, आणि बैलांच्या पुढे स्वारासकट एक घोडी. तिच्या मागे बैल चढ चढतात. एक बारी पंधरा सेकंदांच्या आत संपते आणि गाव वर्षभर तिच्यावर बोलतं. मामांच्या मांडीखालून अशा चार घोड्या गेल्या.

माझी तांबडी वेगळ्या घरातली. थरोब्रेड, पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेली, आता नऊ वर्षांची. रंग म्हणाल तर कुमैत, पण मामांनी पहिल्याच दिवशी तांबडी म्हटलं आणि तेच नाव राहिलं. घोटावड्याच्या पुढे, रिहे खोऱ्याच्या तोंडाशी एका पागेत ती असते. हिंजवडीतलं काम उरकून मी तिथं पोचते.

त्या संध्याकाळी मी तिच्या पुढच्या पायांवर पाणी सोडत होते. उड्यांनंतर नसा गरम झाल्यात का ते हाताने चाचपून बघावं लागतं. मामा गव्हाणीपाशी उलट्या बादलीवर बसले होते.

“येवढी थोरली घोडी,” ते म्हणाले, “आन् गुडघ्यायेवढ्या दांड्याला अडली. घाटात अडली असती तर मागनं चार बैल अंगावर आले असते.”

“म्हणूनच तुमच्या घोड्या अडत नव्हत्या, मामा. मागून बैल येत असले तर कुठलं जनावर थांबेल?”

“तसं न्हाय. भ्यालेली घोडी बैलाफुडं सरळ पळत न्हाय, कडंला फुटती. ती फुटली की बैलं तिच्यामागं फुटत्यात आन् बारी गेली. चांगल्या घोडीला ठावं असतं, मागनं जनावर येतंय, त्याला आपण वर न्यायचंय. ते काम हाय. तुझ्या तांबडीला ते दांडे कशापायी वलांडायचेत, ते कुणी सांगितलंय का?”

पाण्याची नळी मी तशीच धरून राहिले. तीन वर्षं मी हा खेळ शिकतेय, आणि हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

“दांडे का ओलांडायचे ते तिला माहीत नसेल,” मी म्हणाले. “पण मी काय विचारते ते तिला कळतं. पाय लावला, म्हणजे पुढे. तिने उत्तर दिलं की मी पाय काढून घेते. तिच्या दृष्टीने काम एवढंच. प्रश्न समजला, उत्तर दिलं, मोकळीक मिळाली. घोड्याला ती मोकळीक बक्षिसापेक्षा मोठी असते.”

“मग आज मोकळीक दिलीस का?”

“आज उत्तरच आलं नाही.”

मामा हसले नाहीत. त्यांनी तोबऱ्यातली चंदी हाताने चाळली, हरभऱ्यातले खडे काढले. मग म्हणाले, “मी सकाळपासनं बघत हुतो. रेसची घोडी, आन् तू तिला मान खाली घालून, गोगलगायीवाणी फिरवत हुतीस. मंग म्हणतीस उडी मार. आदी पाणी उतरवायचं आन् मग पाणी मागायचं. पाणीदार घोडी हाय ती. तिला तू बैल करायला निघालीस.”

हा आरोप मला झोंबला. कारण तांबडी पागेत आली तेव्हा सगळ्यांनी मला उलटं सांगितलं होतं. ही उधळते, हिला मोठा कडीचा लगाम घाल, जेरबंद बांध, डोकं वर करूच देऊ नकोस. जेरबंद हा शब्द आपण चोर पकडल्याच्या बातमीत वाचतो. मुळात तो तंगापासून घोड्याच्या तोंडाकडे जाणारा पट्टा, मान उडवू नये म्हणून. मी तो एक महिना बांधला. तांबडी मान उडवायची थांबली आणि त्याऐवजी दोन पायांवर उभी राहायला लागली. वरचं दार बंद केलं तर ती मागच्या दाराने निघाली.

“मामा, तिचं पाणी मी उतरवलं नाही. तिचा घोटाळा निस्तरतेय. रेसकोर्सवर हिला काय शिकवलंय ते ऐका. सकाळच्या सरावात स्वार लगाम आवळून धरतो आणि घोडा त्या लगामावर भार टाकून पळतो. आवळलेला लगाम म्हणजे पळ, असं तिच्या अंगात मुरलंय. आता माझ्यासारखी नवी बाई वर बसते. घोडी जरा वेगात निघाली की घाबरून लगाम आवळते. मला म्हणायचं असतं थांब. तिला ऐकू येतं पळ. ती पळते, मी आणखी आवळते. लोक म्हणतात, घोडी वेडी आहे.”

“आन् सैल सोडला की?”

“पहिल्यांदा सोडायला मला चार महिने लागले. तिला नाही, मला. वर्तुळात चालवायची, मांड जड करायची, श्वास सोडायचा, लगाम सोडायचा. एक दिवस ती थांबली. मी रडले होते त्या दिवशी.”

“ते खरं हाय,” मामा हळूच म्हणाले. “घाटातपण आवळून धरणारा पोऱ्या पयला पडतो. मांडीत ताकद पायजे, मनगटात न्हाय.” थोडं थांबून, “पण पाणी आन् घोटाळा यातला फरक तू वळखतीस कसा? मला सांग.”

माझ्या मते या सगळ्या खेळातला हाच मुख्य प्रश्न आहे. पाणीदार घोडा आणि घाबरलेला घोडा लांबून सारखेच दिसतात. मान उंच, नाकपुड्या फुललेल्या, शेपटी वर, जागच्या जागी नाचणं. बघणारे म्हणतात, वा, काय तेज आहे! वरात बघणारेही तेच म्हणतात, आणि खाली बॅन्डच्या दणक्याने त्या घोड्याच्या छातीत काय होत असतं ते कुणी विचारत नाही. विसाव्याला घोड्याची नाडी मिनिटाला तीस-चाळीस असते. भरधाव पळताना ती दोनशेच्या पुढे जाते. घाबरलेला घोडा जागेवर उभा राहूनही त्या वाटेला लागलेला असतो. मी कान बघते. पाणीदार घोड्याचा एक कान सारखा मागे, स्वाराकडे येऊन जातो. तो वेगात असतो आणि विचारतही असतो. घाबरलेल्याचे कान तुमच्याकडे येतच नाहीत. त्याच्या लेखी तुम्ही पाठीवर नसताच.

मामांना हे कानाचं पटलं. त्यांच्या पंचकल्याणी घोडीचं उदाहरण त्यांनीच काढलं. सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली, गळ्याखाली देवमण, म्हणजे शुभ भोवरा, म्हणून चार पैसे जास्त मोजलेली. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या यात्रेत ते दोन रात्री राहिले होते, घोडी हिंडताना बघत. “भोवरा बघून घेतली म्हणत्यात समदी. मी कान बघून घेतली. गर्दीत हलगी वाजत हुती, तरी मालकानं हाळी दिली की तिचा कान वळायचा.”

“मग तुम्ही आणि मी एकच बोलतोय.”

“न्हाय. एक न्हाय बोलत.” त्यांचा आवाज बदलला. “माझी घोडी गावात पळत हुती. जत्रेत समदी माणसं, फुकाट. तुझ्या तिथं खुर्च्या, चिठ्ठ्या, आन् गप बसा म्हणून माइकवर सांगत्यात. टाळीबी वाजवायची न्हाय घोडा मैदानात असताना. त्या एका घोडीच्या शेपटीला लाल फीत बांधलेली. मला वाटलं नवसाची हाय. तर म्हणे लाथ मारती म्हणून खूण. हे साहेबाचं घोडं हाय, पोरी. आपलं न्हाय.”

यावर माझ्याकडे तयार उत्तर होतं. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंगांनी सुवर्ण मिळवलं. २०१८ ला जकार्ताला फवाद मिर्झाने रौप्य आणलं, पुढे तो टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेला. २०२३ ला हांगझोऊमध्ये ड्रेसाजच्या सांघिक सुवर्णाने ४१ वर्षांचा दुष्काळ संपवला, आणि त्या चौघांत हृदय छेडा हा मुंबईचा मुलगा होता. मी हे सगळं सांगितलं. शिवाय म्हणाले, मांड, रिकीब, खोगीर, अडेलतट्टू, दुगाण्या, सगळी भाषा आपल्या तोंडात आहे. शिवाजी महाराजांच्या फौजेत बारगीर होते, शिलेदार होते, घोडा साहेबाचा कसा?

“ती सोन्याची घोडी कुठं शिकली?” मामांनी विचारलं.

खोटं बोलता आलं नाही. हांगझोऊचे ते चारही स्वार वर्षानुवर्षं युरोपात राहून सराव करत होते, घोडेही तिकडचेच.

“मग?”

“म्हणून तर हे छोटे शो हवेत, मामा. युरोपात जाऊन राहणं चार घरांना परवडतं. पिरंगुटच्या, पौडच्या पोराला घोटावड्याच्या मैदानावर ६० सेंटिमीटरची उडी मारता आली, तर हा खेळ आपला होईल. घाट आपला आहे तो गावात आहे म्हणून. हाही गावात यायला हवा.”

ते काही बोलले नाहीत. बारगीर-शिलेदाराचा धागा मात्र त्यांनी सोडला नव्हता. “तू शिलेदार,” ते म्हणाले. “बारगिराला घोडा सरकारचा. मेला तर दुसरा मिळतो, म्हणून तो दाबून घालतो. शिलेदाराचा घोडा सवताचा, मेला तर घर बसलं. तवा तो जपतो. आज तिसऱ्या दांड्याफुडं तू जपलीस. मला दिसलं. हात मागं आला तुझा.”

“दुसऱ्या वेळी आला. पहिल्या वेळी नाही.”

“व्हय. पयल्या वेळी न्हाय.” हे त्यांनी लगेच मान्य केलं, आणि मला तेव्हा कळलं नाही की त्यांच्या मनात काहीतरी आहे.

अंधार पडत चालला होता. सईसाने दिवा लावला, लसूणघासाची पेंढी टाकून गेला. तांबडी निवांत खायला लागली. मामांनी तिचा खूर उचलून बघितला आणि जुनं भांडण उकरलं. ही जात इकडची नाही. पातळ कातडी, पातळ खूर. मुळशीचा पाऊस म्हणजे चार महिने चिखल, त्यात हिचे खूर मऊ पडतात, नाल निघतात, खुराच्या बेचक्यात कुजतं, पाठीवर चट्टे उठतात. गोमाश्या आल्या की सर्ऱ्याची भीती. त्यापेक्षा भीमथडीचं तट्टू का नाही घेतलंस? भीमेच्या काठची ती जात, दख्खनच्या दगडात वाढलेली, मराठ्यांच्या फौजांनी जिच्यावर हिंदुस्थान पालथा घातला. धनगरांनी ती टिकवली, बिऱ्हाड पाठीवर वाहून.

मामांचं म्हणणं चुकीचं नाही. भीमथडीला आता कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे, ही उशिरा का होईना न्यायाची गोष्ट झाली. ८० सेंटिमीटरच्या वर्गात एखादं चपळ भीमथडी तट्टू मला मनापासून बघायचं आहे. वळणं ते थरोब्रेडपेक्षा आत घेईल, खूर कधी कुरकुरणार नाहीत. पण मी जात निवडायला बाहेर पडले नव्हते.

“रेस संपलेल्या घोड्यांचं पुढे काय होतं ते माहितीये ना, मामा? दोन वर्षांचं शिंगरू पळायला लागतं, सहाव्या-सातव्या वर्षी बहुतेकांची कारकीर्द आटोपते. घोडा पंचवीस वर्षं जगतो. काही पैदाशीला जातात, काही रायडिंग क्लबात. बाकीचे एका हातातून दुसऱ्या हातात जात जात वरातीपर्यंत पोचतात. जो घोडा फक्त पळायला शिकलाय त्याला कोण ठेवणार? जो थांबतो, वळतो, टेम्पोत शांत चढतो, अनोळखी मैदानात चरू शकतो, त्याला घर मिळतं. मी उद्या आजारी पडले, नोकरी गेली, तर तांबडीला कुणीतरी आनंदाने घ्यायला हवं. हे शिक्षण तिच्या नावावरची ठेव आहे. शो म्हणजे त्या ठेवीचा हिशेब बघायचा दिवस. कप मिळाला नाही तरी चालेल.”

मामा बराच वेळ तांबडीच्या चावण्याचा आवाज ऐकत बसले.

“माझी पंचकल्याणी कशी गेली ठावं हाय तुला?” ते म्हणाले.

मला अर्धवट माहीत होतं. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. बारी पुन्हा सोडायची परवानगी मिळायला २०२१ चा डिसेंबर उजाडला, आणि राज्याच्या कायद्यावर घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं ते २०२३ मध्ये. न्यायालयाच्या कागदावर ही वर्षं तारखांसारखी दिसतात. मामांच्या गोठ्यात ती एका खुंट्यावर उभी होती.

“सात वर्षाची हुती बंदी आली तवा. ऐन भरातली. रोज पहाटं मी उठायच्या आदी ती दारात टाप आपटायची. मी एकदोनदा माळावर नेली, पण घाट न्हाय, बैल न्हाय, हलगी न्हाय. दुसऱ्या वर्षी गव्हाणीच्या फळीला दात लावून वारा गिळायला लागली. दिवसभर. फळी झिजली. डाक्टर म्हणला, रिकामपणाची खोड हाय, सुटत न्हाय. पोट फुगायचं. तिसऱ्या पावसाळ्यात पोटानंच गेली.” त्यांनी डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. “बंदी का आली ते मला कळतं. मी खोटं बोलणार न्हाय. बैलाला आर टोचलेली मी पाह्यलीये, शेपट्या चावणारी माणसं पाह्यलीत. आमच्यातल्यांनी केलं ते. पण बंद करणाऱ्या एकानंबी येऊन विचारलं न्हाय, की हे खुंट्यावरचं जनावर आता सकाळी उठून काय करणार.”

हा प्रश्न मलाही कुणी विचारावा असं वाटत नाही, इतका तो खरा आहे. चाबूक आणि आर थांबायलाच हवी होती, त्यात मी तडजोड करणार नाही, आणि मामांनाही ती नको आहे. पण अंगात धाव घेऊन जन्मलेल्या जनावराला बसवून ठेवणं ही दया नव्हे. रानात घोडा दिवसातले बहुतेक तास चरत चालत असतो. त्याला बारा बाय बाराच्या खोलीत कोंडून चांगली चंदी घातली की त्याचं भलं केलं, असं आपल्याला वाटतं. पाणीदार घोड्याचा अर्धा वेडेपणा त्या खोलीत तयार होतो. तांबडीचं बिघडलेलं सगळ्यात जास्त सुधारलं ते माझ्या कौशल्याने नाही. पागेच्या मालकांनी तिला दुपारी दुसऱ्या एका म्हाताऱ्या घोडीबरोबर माळावर मोकळं सोडायला परवानगी दिली, तेव्हापासून.

“मामा,” मी म्हणाले, “मग तुम्ही माझ्या बाजूचे आहात.”

“कामाच्या बाजूचा हाय मी. शोच्या न्हाय.” आणि मग एकदम, “तुम्ही सकाळी मैदानात चालत फिरत हुता, पावलं मोजत. ते काय?”

कोर्स वॉक. स्पर्धेआधी स्वाराला अडथळे पायी बघू देतात. घोड्याची एक ढांग साधारण १२ फुटांची. दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजायचं, उतरण्याचे सहा फूट आणि झेपेचे सहा फूट वजा करायचे, उरलेल्यात किती ढांगा बसतात ते ठरवायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्यात ७२ फूट होते, म्हणजे पाच ढांगा. मी बरोबर मोजलं होतं, आणि तांबडी पाचच ढांगांत पोचली होती. म्हणून तर मला कोडं पडलं होतं.

“किती वाजता मोजलंस?”

“सात-सव्वासात.”

“आन् घोडी आत गेली कवा?”

“दहाला.”

“सातला त्यो अख्खा कोपरा सावलीत हुता,” मामा म्हणाले. “मांडव उगवतीला. ऊन वर चढलं तशी सावली मांडवाकडं सरकत आली. तू आत आलीस तवा सावलीची कड बरोब्बर त्या दांड्याफुडं दोन पावलावर हुती. मी मांडवातच उभा, माझ्या पायाशी बघत हुतो. घोडी उन्हातनं आली, तोंडावर ऊन, आन् फुडं काळं. तिला दांडा दिसलाच न्हाय. खड्डा दिसला.”

नळी केव्हाच बंद झाली होती, तरी ती माझ्या हातात होती.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. जवळजवळ सगळा परिसर त्याला एकदम दिसतो, फक्त कपाळाच्या थेट समोर आणि शेपटीमागे थोडी आंधळी जागा. अंधुकात तो आपल्यापेक्षा चांगलं बघतो, पण लख्ख उजेडातून सावलीत येताना त्याच्या डोळ्याला जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. हे सगळं मी वाचलेलं होतं. टेम्पोच्या अंधाऱ्या पोटात घोडा चढत नाही तेव्हा लोकांना समजावून सांगितलेलंही होतं. सकाळी पावलं मोजताना मात्र मला फक्त पावलंच दिसली.

“बाकीचे घोडे गेले की त्यावरून,” मी म्हणाले. हरायचं नव्हतं म्हणून नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून.

“ती रोज पोरं पाठीवर घेणारी घोडी. त्यांनी बघायचं सोडलंय. पोरगा म्हणतो चल, ती चालत्यात. एक काळी बिचकली, तू बघितलं न्हायस, तू तवा बाहेर मान खाली घालून फिरवत हुतीस. तांबडी बघणारी हाय. तू म्हणतीस ना, कान? मी तिचे कान बघितले. पयल्या वेळी एक कान तुझ्याकडं आला हुता. तिनं विचारलं तुला. फुडं काय हाय ते मला दिसंना, सांग म्हणून. तू मोजत हुतीस.”

“आणि दुसऱ्या वेळी?”

“दुसऱ्या वेळी तूच भ्यालीस. तवा कान आलाच न्हाय.”

मग मीही त्यांना एक गोष्ट सुनावली, कारण ती त्यांना ऐकायला हवी होती. घाटात ती अडली असती तर तिला विचारण्याचा हक्कच नव्हता. खड्डा दिसो की दांडा, मागून बैल होते. इथं ती अडली, घंटा वाजली, आणि तिच्या अंगावर कुणी आलं नाही. बाद होणं हा या खेळात घोड्याला दिलेला नकाराचा अधिकार आहे. मला तो नियम आवडतो. आज माझ्या विरुद्ध गेला तरी आवडतो.

मामांनी मान हलवली. पटलं की नाही ते सांगता येत नाही. “नकार देती ठीक,” ते म्हणाले, “पण उद्या त्याच सावलीत परत नकार दिला तर मग ती खोड हुईल. उद्या सकाळी ताडपत्री आण.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पागेच्या मागच्या अंगणात मामांनी चार बांबू रोवले, वर निळी ताडपत्री ताणली, आणि जमिनीवर तिची काळी चौकट पडेपर्यंत आठ वाजू दिले. चौकटीच्या मधोमध एकच दांडा, जमिनीवर ठेवलेला. मी खोगीर घालून, हेल्मेट बांधून वर बसून आले.

“उतर,” मामा म्हणाले.

“बसूनच शिकवायला हवं. शोमध्ये मी पाठीवरच असणार.”

“आज तुझे हात तिला नकोत. कालचं तुझ्या हातात हाय अजून. उतर.”

उतरले. लांब दोरी लावली, आणि तिच्या खांद्याशी उभी राहिले. तांबडी सावलीच्या कडेपर्यंत आली आणि थांबली. मान लांब केली, जमिनीजवळ नाक नेलं, एक लांब फुर्र काढली. वाऱ्याने ताडपत्री फडफडली तशी ती एक पाऊल मागे गेली. माझी मूठ आपोआप आवळली. मामांनी नुसतं माझ्या मुठीकडे बघितलं. मी दोरी सोडली, ती जमिनीला टेकेपर्यंत.

बराच वेळ काही झालं नाही. माळावरची म्हातारी घोडी एकदा खिंकाळली, तिला तांबडीने उत्तर दिलं नाही. मग तिचा डावा कान माझ्याकडे वळला.

“चल,” मी म्हणाले.

तिने उजवा पाय सावलीत ठेवला, उचलला, आणि परत ठेवला.